युन ११४.३.७

शुक्रवारी संध्याकाळी काही पब्लिश करू नये, हे शिनचूमधल्या प्रत्येक सॉफ्टवेअर कंपनीत नवख्याला पहिल्याच आठवड्यात बजावतात. यो वान-चिंगला ते बजावून पंधरा वर्षं झाली होती, आणि आता तीच इतरांना बजावत असे. तरी बाईंनी पब्लिश केलं ते शुक्रवारीच, आणि तेही संध्याकाळी. आता याला काय म्हणावं? दिवसभर तपासणीचे फॉर्म भरून बोटं आंबली होती, घरी जाताना मासे घ्यायचे होते, आणि कंपनीतल्या जुन्या चुंगदादांनी निवृत्त होताना सोपवलेलं काम आपल्या हातून पहिल्यांदाच पार पडतंय याची घाई झाली होती. अशा वेळी माणसाचं डोकं ठिकाणावर नसतं, पण बोटं आपली चालत राहतात.

काम काय होतं ते आधी सांगायला हवं. वान-चिंगची कंपनी लहान, गावोगावच्या दवाखान्यांसाठी सॉफ्टवेअर करणारी. नंबर लावणं, केसपेपर, औषधाच्या पाकिटावरची नावं, असलं सगळं. हे सॉफ्टवेअर म्हणजे काही अखंड दगड नसतो. ठिकठिकाणचे सुटे भाग असतात, आणि ते गोळा करून, जुळवून, एका डब्यात भरून झाकण लावायचं काम बिल्ड टूल नावाचं साधन करतं. त्या साधनाला स्वतःचं असं फार काही येत नाही. ज्याला जास्तीचं काही हवं असेल त्याने त्याचं प्लगइन लिहायचं, नीट बांधायचं आणि सगळ्या जगासाठी उघड्या असलेल्या भांडारात नेऊन ठेवायचं. मग ज्याला गरज तो तिथून उचलतो. चुंगदादांनी असंच एक प्लगइन लिहिलं होतं. त्याचं नाव युन.

युन हे त्यांच्या बायकोचं नाव.

नावांच्या बाबतीत आमची माणसं भारी हौशी. पोर जन्मलं की बाप देवळासमोरच्या नाव काढणाऱ्याकडे जातो, तो अक्षराच्या रेघा मोजतो, आणि बेरीज शुभ येत नसेल तर खुशाल एखादी रेघ वाढवून देतो. युनच्या वडिलांना थोडंसंच कमी पडत होतं, आणि ठिपकाही रेघेतच मोजतात, म्हणून अक्षराच्या डोक्यावर एक ठिपका आला. नोंदणी कचेरीत तेव्हा हाताने लिहायचे. कारकुनाने ठिपक्यासकट उतरवून घेतलं, कुणाचं काही बिघडलं नाही. मग कॉम्प्युटर आले. त्यांच्याकडच्या अक्षरांत ठिपकेवाली युन नव्हतीच. आणि जे अक्षर सापडत नाही तिथे यंत्र एक रिकामा चौकोन छापून मोकळं होतं. नोकरीच्या ओळखपत्रावर चौकोन, बँकेत चौकोन, लग्नानंतरच्या नोंदणीतही चौकोन. युन हसून म्हणायची, "मी बाई नाहीच, खिडकी आहे." शेवटी आजारी पडली तेव्हा हॉस्पिटलात मनगटावर जी पट्टी बांधली तिच्यावरही चौकोनच होता. चुंगदादा रोज त्या चौकोनात पेनाने तिचं अक्षर काढायचे. रोज अंग पुसताना ते पुसलं जायचं.

ती गेल्यावर त्यांनी प्लगइन लिहायला घेतलं. डबा भरला जात असताना युन त्यात असल्या बेवारशी अक्षरांचा तक्ता हळूच ठेवून देतं, म्हणजे मग कुणाचा चौकोन होत नाही. बस, एवढंच. पण आज उत्तरेच्या कीलुंगपासून दक्षिणेच्या पिंगतुंगपर्यंत किती म्हाताऱ्याकोताऱ्यांना औषधाच्या पाकिटावर आपलं नाव धड दिसतं, ते या प्लगइनमुळे. भांडारातल्या त्याच्या पानावर मथळ्याला ते अक्षर आहे, ठिपक्यासकट.

आवृत्तीच्या आकड्याला चुंगदादा फार जपायचे. आकड्याचे भाग तीन, मध्ये टिंबं. शेवटचा भाग वाढला तर किरकोळ दुरुस्ती, मधला वाढला तर काही नवीन आलं, आणि पहिला वाढला तर समजायचं, जुनं काहीतरी मोडलंय, जपून घ्या. "पहिला आकडा म्हणजे दिलेला शब्द," असं ते टेबलावर बोट आपटून सांगायचे. "तो बदलायचा म्हणजे शब्द मोडायचा. उगाच मोडायचा नसतो." पाच वर्षांत त्यांनी पहिला आकडा एकवरून हलू दिला नाही. निवृत्त झाले तेव्हा युन १.९.४ वर होतं. वान-चिंगने आता तक्त्याची सगळी मांडणीच बदलली होती, म्हणून पुढची आवृत्ती २.०.० असं दोघांचं ठरलं होतं. दादांनी नाक मुरडतच हो म्हटलं होतं.

तर त्या शुक्रवारी संध्याकाळी साधनाने विचारलं, आवृत्ती? आणि वान-चिंगच्या बोटांनी लिहिलं ११४.३.७.

ती तारीख होती हो! इथे साल प्रजासत्ताक झालं तेव्हापासून मोजतात. बाहेरच्या जगात दोन हजार पंचवीस चालू होतं, तेव्हा आमच्याकडे एकशे चौदा. एकशे चौदावं साल, तिसरा महिना, सात तारीख. दिवसभर प्रत्येक फॉर्मच्या पहिल्या चौकटीत तिने तेच तर लिहिलं होतं. तीन आकडे आणि मध्ये दोन टिंबं, यंत्राला त्यात वावगं काय दिसणार? त्याने आनंदाने घेतलं आणि भांडारात नेऊन ठेवलं.

"अगं आई गं!" वान-चिंग एवढ्या मोठ्याने म्हणाली की शेजारच्या टेबलावरच्याला वाटलं चहा सांडला.

भांडाराचा नियम साधा आहे. चढवलं ते चढवलं. उतरवायची सोय नाही, कारण तेवढ्यात कुणीतरी ते उचललेलं असू शकतं, आणि लोक चढत असताना खालची शिडी काढून घेत नाहीत. वान-चिंगने सगळी बटणं शोधली. एकही तिच्या कामाचं नव्हतं. मग तिने स्वतःची समजूत घातली. सोमवारी सकाळी येऊन गुपचूप २.०.० चढवायचं. आतलं सामान तेच. कोण बघतंय? रात्री मासे खारट झाले. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर म्हणाली, "मीठ जास्त पडलं."

सोमवारी तिने २.०.० चढवलं. आठवडा शांततेत गेला आणि तिला वाटलं, सुटले.

मग पुलीहून पान यू-हुआचा फोन आला. पुलीच्या दवाखान्यात प्रिंटर, कॉम्प्युटर आणि पाण्याचा फिल्टर हे तिन्ही तीच बघते, आणि तिन्हींशी सारख्याच आवाजात भांडते.

"यो ताई, आमचे एक आजोबा आहेत, पाणबांबू लावतात. त्यांच्या नावात एक अक्षर आहे, वर डोंगर आणि खाली दोन मासे. तुमच्यात नाहीये. चौकोन येतोय."

"दोन मासे? खात्री आहे ना?"

"ताई, ते मला रोज काढून दाखवतात. आता मला झोपेत काढता येईल."

वान-चिंगने ते अक्षर तक्त्यात घातलं आणि २.०.१ चढवून दिलं. "घ्या. आता सॉफ्टवेअर पुन्हा बांधून घ्या, आजोबा येतील."

दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन. "बांधलं. चौकोनच आहे."

"परत बांधा."

"तीनदा बांधलं, ताई. आजोबा समोर बसलेत. मला म्हणतायत, पोरी, तुला जमत नसेल तर राहू दे."

तेव्हा कुठे वान-चिंगच्या डोक्यात उजेड पडला. प्रत्येक दवाखान्याचं यंत्र भांडाराला एकच विचारतं, युनची सगळ्यात मोठी आवृत्ती कोणती? भांडार म्हणतं, एकशे चौदा. मग यंत्र तीच उचलतं. तिने दोन काढलं काय, तीन काढलं काय, नव्याण्णव काढलं काय, एकशे चौदापुढे कोण विचारतो? शहाणपणाने ठेवलेली प्रत्येक दुरुस्ती भांडाराच्या तळाशी पडून राहणार होती. तोवर पाकिटावर पेनाने दोन मासे काढून द्या, असं तिने पुलीला सांगितलं. पण आता गप्प बसून चालणार नव्हतं.

आणि गप्प बसूही दिलं नसतं. त्याच दुपारी मॅनेजर च्येन साहेबांनी बोलावलं. च्येन साहेब माणूस वाईट नाही. ओरडत नाहीत. म्हणूनच लोक जास्त घाबरतात. ओसाकाची एक कंपनी युन आपल्याकडच्या दवाखान्यांसाठी घ्यायचा विचार करत होती, आणि तिथल्या तपासनिसाने अगदी लवून नमस्कार केल्यासारखा एक प्रश्न पाठवला होता. साहेबांनी तो वाचून दाखवला. "२ नंतर थेट ११४ दिसते. मधल्या एकशे अकरा मोठ्या बदलांची माहिती कृपा करून मिळावी."



"शुक्रवार होता का?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"तरीच. दादांच्या मशीनवरचा खाऊचा हिरवा पुडाही मुदत उलटून गेलेला आहे, बघितलं मी. तो आधी बदला." पुडा ठेवला की मशीन शहाण्यासारखं वागतं, यावर आमच्यातला कुणीच उघडपणे विश्वास ठेवत नाही आणि पुडा मात्र सगळे ठेवतात. मग साहेब पुढे झुकले. "हे बघ, यातून एक चांगलं निघतंय. नवीन प्लगइन काढू. कंपनीच्या नावाने. एक पॉइंट शून्यपासून, एकदम स्वच्छ. जुन्यावर पाटी लावू, की हे बंद झालंय, तिकडे जा."

"आणि युन?"

"युन हे एका बाईचं नाव आहे, वान-चिंग. ओसाकावाल्यांना मी काय सांगू, ही कोण?"

"आपण ११४.३.८ काढलं तर? आकडा पुढे नेऊ. नाव तसंच राहील."

"म्हणजे चूक कायमची मिरवायची. चूक झाकायची असते, मखरात बसवायची नसते."

"दादांना विचारायला हवं."

"विचार की. नम्रपणे विचार. फक्त एवढं ध्यानात ठेव की हक्क कंपनीचे आहेत. सोमवारी मला सांग."

दोन रात्री तिला झोप लागली नाही. आकडा दादांचा शब्द होता आणि नाव त्यांची बायको. आकडा स्वच्छ हवा असेल तर नाव जाणार. नाव राहायला हवं तर तो आकडा जन्मभर कपाळावर. दोन्ही सांभाळायला त्यांनी तिच्या हातात दिलं होतं, आणि तिने तीन महिन्यांत एकाची तरी वाट लावलीच होती. तिला स्वतःचा इतका राग आला की आरशात बघवेना.

शनिवारी सकाळी ती बोरांची पेटी घेऊन पेइपूला दादांच्या घरी गेली. चुंगदादा दारातच होते, अंगात चांगला शर्ट, हातात उकडलेली अख्खी कोंबडी.

"आलीस? बरं झालं. ही पिशवी धर. आज युनकडे जायचंय."

"आज? पण पितरांचं छिंगमिंग तर पुढच्या महिन्यात..."

"ते तुम्हा लोकांचं. आम्ही हक्का माणसं कंदिलांचा सण झाला की जायला लागतो. गर्दीत भेटायला तिला आवडायचं नाही. चल, बस गाडीत. बोरं पण घे, तिला आवडतात."

गाडीत डुकराचं मांस होतं, सुकवलेला माकूळ होता, तांदळाच्या लाल वड्या होत्या, आणि या सगळ्यांच्या मधोमध वान-चिंग आपला अपराध मांडीवर घेऊन बसली होती. अस्थी ठेवतात तो मनोरा टेकडीवर आहे. पायऱ्या चढताना तिला राहवेना.

"दादा, मी एक घाण करून ठेवलीय."

"कोंबडी सरळ धर, रस्सा गळतोय. काय केलंस?"

तिने सांगितलं. तारीख, आकडा, पुली, दोन मासे, सगळं. चुंगदादा पायरीवर थांबले.

"एकशे चौदा?"

"हो."

"पाच वर्षं मी एकच्या पुढे गेलो नाही. पाच वर्षं! दोनवर जायचं म्हटलं तर मी नाक मुरडलं होतं. आणि तू एका फटक्यात एकशे चौदा? वार कोणता होता?"

"शुक्रवार."

"सकाळ?"

"संध्याकाळ, दादा."

"तुला शिकवलं कुणी गं?"

"तुम्हीच."

"मग मास्तरच भिकार." ते पुन्हा चढायला लागले, पण तोंड फिरवून. रागावले की ते असेच मान ताठ करून चालत. वान-चिंगने मागून च्येन साहेबांचं म्हणणंही सांगून टाकलं, कारण आता थांबलं असतं तर पुन्हा धीर झाला नसता. नवीन प्लगइन. कंपनीचं नाव. जुन्यावर बंदची पाटी.

ते चढत राहिले. वरचा कट्टा आला. तिथे सामायिक टेबलावर त्यांनी कोंबडी मांडली, मांस मांडलं, माकूळ मांडला, बोरं धुऊन ठेवली. वाऱ्याने उडालेला कागद उचलून खिशात घातला. मग म्हणाले, "म्हणजे पुन्हा चौकोन."

वान-चिंगच्या डोळ्यांत पाणीच आलं. "मी नाही म्हणून सांगते, दादा. राजीनामा देते."

"काही देऊ नकोस. तुझं घराचं कर्ज आहे. चल वर, तिला सांगू."

तिसऱ्या मजल्यावर भिंतभर लहान लहान दारं होती. एका दारापाशी ते थांबले. दारावर युनचा फोटो, त्याखाली नाव, त्याखाली दोन तारखा. पाटी करणाऱ्याच्या यंत्रानेही पहिल्यांदा चौकोनच कोरला होता. दादांनी ती परत पाठवली होती, आणि दुसऱ्या पाटीवर ते अक्षर एका म्हाताऱ्या कारागिराकडून छिन्नीने कोरून घेतलं होतं. ठिपका जरा जास्तच खोल गेला होता.

"युन, ही वान-चिंग," दादा हात जोडून म्हणाले. "तुला सांगितलं होतं ना, हुशार आहे म्हणून? ते मागे घेतो. हिने तुझा पार घोळ करून ठेवलाय. तुझ्या पुढे आता..."

आणि ते मध्येच थांबले.

वान-चिंगला वाटलं त्यांना भरून आलं. पण ते पाटीकडे डोळे बारीक करून बघत होते, कोडमधली चूक शोधताना बघायचे अगदी तसे. त्यांनी खिशातून चष्मा काढून लावला.

"वान-चिंग, हे वाच."

"४९.५.१२," तिने वाचलं. "१०८.११.३."

"कसे दिसतात?"

ती बघत राहिली. नावाखाली तीन आकडे, दोन टिंबं. पुन्हा तीन आकडे, दोन टिंबं.

"आवृत्तीसारखे," ती म्हणाली.

"एकोणपन्नास, पाच, बारा. ही हिची पहिली." दादांचं बोट पाटीवरून सरकलं. "आणि एकशे आठ, अकरा, तीन. ही शेवटची. यानंतर हिचं काही आलंच नाही. मी पाच वर्षं काढत बसलो एक पॉइंट एक, एक पॉइंट दोन. ते माझे आकडे होते. मोजून मापून, जपून, भीत भीत. हिचे नव्हतेच ते." त्यांनी चष्मा काढून पुसला. "ही एकशे आठवर थांबली होती गं. तू हिला एकशे चौदावर आणलंस."

वान-चिंग रडली. शेजारच्या दारापाशी आलेलं कुटुंब आदबीने दुसरीकडे बघू लागलं.

खाली उतरताना दादांची मान ताठ नव्हती. कट्ट्यावर बसून दोघांनी नैवेद्य दाखवून झालेली बोरं खाल्ली.

"पण दादा," वान-चिंग म्हणाली, कारण शिकवलेलं तिच्या डोक्यातून जात नव्हतं, "आकडा म्हणजे तारीख धरली तर पहिला आकडा दर वर्षी बदलणार. म्हणजे दर वर्षी शब्द मोडला असं होईल."

"दर वर्षी काही ना काही मोडतंच. मागल्या साली माझा गुडघा, त्याआधी दाढ. लोकांना सवय असते." त्यांनी बोराची बी लांब फेकली. "खरंच काही मोडत असेल तेव्हा ते शब्दांत लिहायचं. मोठ्या अक्षरात. आकड्याच्या मागे लपायचं नाही. मी लपत होतो बहुतेक."

सोमवारी वान-चिंग च्येन साहेबांसमोर उभी राहिली.

"साहेब, ती चूक होती. आता पद्धत आहे. यापुढे युनचा आकडा म्हणजे ज्या दिवशी चढवलं ती तारीख. बरेच जण असं करतात, फक्त त्यांचं साल वेगळं असतं. नाव आहे तेच राहील."

"आणि ओसाका? एकशे चौदावं साल म्हणजे काय, हे त्यांना कोण समजावणार?"

"त्यांना समजावायला कशाला लागतंय? त्यांच्याकडे सम्राटाचं साल चालतं. सध्या सातवं चालू आहे."

च्येन साहेबांना हसू आवरेना. तरी खात्रीसाठी त्यांनी तिच्यादेखतच ओसाकाला विचारलं. तासाभरात उत्तर आलं, तितकंच लवून. "आता उलगडा झाला. आमच्याकडे असे केले असते तर प्रत्येक नव्या सम्राटाबरोबर आकडा पुन्हा एकवर आला असता. तुमची पद्धत उत्तम."

"बसवलीस ना अखेर चूक मखरात?" साहेब म्हणाले.

"हो साहेब."

"जा. आणि वार बघून चढव."

सोमवार होता, सकाळ होती. हिरवा पुडा नवा होता. दोन माशांचं अक्षर वान-चिंगने पुन्हा एकदा तपासलं, गठ्ठा बांधला, आणि साधनाने नेहमीचा प्रश्न विचारला. आवृत्ती? या वेळी तिने बोटांवर सोडलं नाही. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं आणि एकेक कळ दाबत लिहिलं, ११४.३.२४. नवीन काय, या रकान्यात तिने लिहिलं: एक अक्षर वाढवलं. यापुढे आकडा म्हणजे तारीख. नाव तेच.

जेवणाच्या सुट्टीआधी पुलीहून फोन आला. मागे कुणीतरी म्हातारा मोठमोठ्याने हसत होता. "आले, ताई!" पान यू-हुआ ओरडली. "दोन्ही मासे आले! आजोबा पाकीट खिशात घालून चाललेत, औषध टेबलावरच विसरलेत."

वान-चिंगने चुंगदादांना भांडारातल्या पानाचा फोटो पाठवला. वर ठिपक्यासकट युन, आणि खाली आवृत्त्या, १.९.४, मग २ च्या दोन बिचाऱ्या, आणि त्यांच्या वर एकदम ११४.  दादा नेहमी लांबलचक लिहीत, सूचना क्रमवार देत. संध्याकाळी उत्तर आलं ते एवढंच:

"नव्या वर्षी एकशे पंधरा मी चढवणार. तोवर माझ्या खुर्चीवर कुणाला बसू देऊ नकोस. आणि बोरं आण."